रुपराव विरुद्ध संघपाल, तिसरी फेरी

पोलीस ठाण्याच्या अर्जात 'खेळाडू क्रमांक एक : वय' या रकान्यात मी 'मयत' असं लिहिलं आणि तिथून भानगड वाढली. आता खरं ते लिहायचं नसेल तर अर्ज भरायचा कशाला? रुपराव खापेकर २००९ साली वारला. त्याचं आजचं वय कुठून आणि कसं मोजायचं? हवालदार अभिजीतराव तसे भले गृहस्थ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि मला बसायला खुर्ची दिली. पोलीस ठाण्यात खुर्ची मिळणं ही काही चांगली खूण नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"काकाजी, मेलेल्या मानसाची बॉक्सिंग लावून राहिले तुम्ही?"

"हो जी."

"कोनासंग?"

"संघपालसंग. तो जिवंत हाये. जरीपटक्याले मिक्सर दुरुस्त करते."

अभिजीतरावांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. कोणी नसतं, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी जी मान हलवली ती मला आवडली नाही.

तेव्हा हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. मी ताराचंद बारापात्रे, वय सत्तर, पोस्टातून निवृत्त, राहणार मनीषनगर, तिसरा मजला. पण ही माझी खरी ओळख नव्हे. एकतीस वर्षं मी बॉक्सिंग संघटनेचा मानद वेळाधिकारी होतो. मानद म्हणजे चहा मिळायचा. रिंगच्या खाली एक टेबल, टेबलावर स्टॉपवॉच, पितळी घंटा आणि एक लाकडी ठोकळा. फेरी तीन मिनिटांची. शेवटचे दहा सेकंद उरले की ठोकळा टेबलावर ठोकायचा, म्हणजे लढणाऱ्यांनी समजावं की जे काय करायचं ते आता करून घ्या. तीन मिनिटं भरली की घंटा. लोकांना वाटतं बॉक्सिंगमध्ये दोन पैलवान असतात आणि बाकीचे बघे. प्रत्यक्षात घंटेच्या आधी मारलेला ठोसा म्हणजे पराक्रम आणि घंटेच्या नंतर मारलेला म्हणजे गुन्हा. या दोहोंच्या मधोमध मी बसलेला असायचो, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, गुण देणारा पंच देवराव गजभिये बसायचा. हा मनुष्य इतका प्रामाणिक की स्वतःच्या सख्ख्या भाच्याला त्यानं एका गुणानं हरवलं होतं आणि बहिणीच्या घरी दोन वर्षं जेवला नव्हता.

आमच्या दोघांच्या बोलण्याचा विषय एकच. रुपराव खापेकर १९७४ चा विदर्भ विजेता, संघपाल रामटेके १९९६ चा. दोघंही सत्तावन्न किलोचे. रुपराव विजेतेपदाची ढाल जिंकला त्याच साली संघपाल जन्मला. हे दोघं ऐन भरात असताना एकमेकांसमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? हा प्रश्न अख्ख्या जगात फक्त दोन माणसांना पडला होता, आणि सुदैवानं ती दोन्ही माणसं दर रविवारी सकाळी सीताबर्डीला एकाच ठेल्यावर चहा प्यायची. देवराव रुपरावच्या बाजूचा. मी संघपालच्या.

नुसता वाद नव्हता आमचा. आम्ही लढत लावायचो. स्टॉपवॉच बाकावर ठेवायचं, चमचा ग्लासवर वाजवायचा की फेरी सुरू. एकानं आपल्या माणसाचा ठोसा सांगायचा, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं.

"रुपराव डावा सरळ."

"संघपाल मान काढते. पोटात उजवा."

"लागला. पन रुपराव मांगं नाही सरत. खालून डावा, हनुवटीवर."

नवीन गिऱ्हाईक असलं की ते ग्लास उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसायचं. ठोसा लागला की देवराव स्वतःच 'लागला' म्हणायचा, स्वतःच्या माणसाला लागला तरी. पहिल्या फेरीत माझा संघपाल पुढे असायचा. दुसरीत थोडा. आणि तिसऱ्या फेरीत, मी कितीही जपलं तरी, रुपराव त्याला दोरांवर नेऊन दाबायचा. तेवढ्यात तीन मिनिटं भरायची आणि मी चमचा वाजवायचो. बरोबरी. एकोणतीस वर्षं, दर रविवारी, बरोबरी.

मग आला हा जानेवारी. संक्रांतीनंतरचा रविवार. संघपाल दोरांवर होता, मी चमचा वाजवला, आणि देवराव चहा ढवळत म्हणाला, "या बी वेळी लवकर वाजोली."

"या बी म्हंजे?"

"शहान्नवच्या फायनलवानी."

आता शहाण्णवच्या फायनलबद्दल एकदाच सांगतो आणि त्यावर चर्चा नको. तिसरी फेरी, संघपाल दोरांवर, दहा सेकंद उरलेले. मला ठोकळा ठोकायचा होता. ठोकळा आणि घंटा शेजारी शेजारी असतात. माझा हात घंटेवर गेला. पंचांनी दोघांना वेगळं केलं, गुण मोजले, संघपाल जिंकला. हात चुकला असं मी संघटनेला दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं आणि त्यांनी ते लेखी मान्य केलं. एवढंच. वेळाधिकाऱ्याला 'तुझी घंटा लवकर वाजते' म्हणणं म्हणजे पोस्टमनला 'तू पत्रं उघडून वाचतोस' म्हणण्यासारखं आहे. मी दोन्ही नोकऱ्या केल्या आहेत म्हणून सांगतो. अर्धा चहा तसाच ठेवून मी उठलो. देवरावनं मागून हाक मारली नाही.

पहिला महिना बरा गेला. राग असला की घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. सकाळी उठून त्याच्याशी बोलता येतं. दुसऱ्या महिन्यात राग कमी झाला आणि घर मोठं झालं. माझी बायको तुळजाबाई चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी धनश्री हैदराबादला. तिचा रोज फोन येतो, "बाबा, जेवले का?" मी हो म्हणतो. त्यापुढे काय बोलायचं ते तिलाही सुचत नाही आणि मलाही.

रविवारी सकाळी मी एकट्यानं लढत लावून पाहिली. स्टीलचा ग्लास, चमचा, घड्याळ, सगळं व्यवस्थित. पण रुपराव माझ्याच्यानं होईना. मी त्याच्याकडून मारलेले ठोसे मला आधीच माहीत असायचे, त्यामुळे संघपालला एकही लागेना. मुद्दाम लागू दिला तर मलाच वाईट वाटायचं. दुसऱ्या फेरीत मी ग्लास धुऊन पालथा घातला.

फोन करता आला असता, असं तुम्ही म्हणाल. तो त्यालाही करता आला असता.

ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीच्या फळ्यावर सूचना लागली : 'गणेशोत्सवात रविवारी सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. सभासदांनी आपापले कलागुण सादर करावेत.' ती वाचता वाचता मला युक्ती सुचली. लढत जाहीर लावायची. छापील पत्रिका काढायची. रुपरावची बाजू मांडायला देवरावला रीतसर बोलवायचं. माझ्यासाठी तो आला नसता, पण रुपराव उघड्यावर एकटा पडलाय म्हटल्यावर तो थांबणार नाही, ही माझी खात्री. मानही राखला जाईल आणि माणूसही येईल.

सचिव विश्वनाथराव हे वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि कोणत्याही गोष्टीत धोका शोधणारे गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मारामारी होऊन राहिली म्हनजे पोलीस परवानगी लागन ना?"

"मारामारी नाही. तोंडी हाये."

"तोंडी मारामारीलेच जास्त लागते."

दुसऱ्या मजल्यावरच्या मेघाताईंनी सुचवलं की बॉक्सिंगच्या आधी त्यांच्या झुंबा गटाचा नाच ठेवावा, म्हणजे वातावरण तयार होईल. चौथ्या मजल्यावरचा चंदन घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करतो. तो म्हणाला, "काकाजी, टेंशन कायले घेता? दोघांचा डेटा द्या, दोन मिनटात रिझल्ट काढून देतो." डेटा म्हणजे माहिती. मी रुपरावबद्दल सांगायला बसलो. रुपराव डावा खांदा जरा खाली ठेवायचा, हरलेल्या माणसाला हात देऊन उठवायचा, फेरीच्या आधी आईनं दिलेली लिमलेटची गोळी चघळायचा. चंदननं यातलं काहीच टाइप केलं नाही. हाताची लांबी किती, असं विचारलं. ती कुणीच मोजली नव्हती. मग त्यानं मोबाइललाच विचारलं. मोबाइलनं सांगितलं की दोघेही नामवंत कुस्तीगीर असून त्यांची लढत अनिर्णित राहील. बरोबरी ऐकून मला क्षणभर मोबाइलबद्दल आपुलकी वाटली.

तर अशा रीतीनं मी पोलीस ठाण्यात पोचलो होतो. अभिजीतरावांचं म्हणणं असं पडलं की लढत असेल तर दोन्ही खेळाडूंची कागदपत्रं, डॉक्टरचा दाखला आणि जागेवर रुग्णवाहिका हवी. लढत नसेल, नुसतं बोलणं असेल, तर ते भाषण. भाषणाचा अर्ज वेगळा, त्यात विषय लिहावा लागतो. मी विषय लिहिला, 'रुपराव विरुद्ध संघपाल'. शेजारी बसलेला एक खादीवाला माणूस वाकून म्हणाला, "कोनत्या वॉर्डात उभे हायेत?"

"रिंगमंदी."

"बरं. यातला आपला कोनता?"

मयत खेळाडूसाठी मृत्यूचा दाखला जोडा, असं ठरलं. म्हणून मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी मृताशी नातं काय ते विचारलं. मी खरं सांगितलं, "प्रतिस्पर्ध्याचा वेळाधिकारी." त्यांच्या यादीत हे नातं नव्हतं. मुलगा, मुलगी, पत्नी, भाऊ, इतर. मी इतर. इतरांना दाखला मिळत नाही. मी त्यांना म्हणालो की बाई, शेवटच्या आजारपणात रुपरावला पाहायला दर आठवड्याला दोनच माणसं जायची, मी आणि देवराव, आणि तिथंही आम्ही भांडायचो आणि तो पडल्या पडल्या हसायचा. बाई म्हणाल्या, "तुम्ही देवरावलेच घेऊन या, त्याईचं नातं असन तर." मी खाली उतरलो.

चार चकरा झाल्यावर अभिजीतरावांनीच कंटाळून एक कागद दिला : 'काल्पनिक लढत. कोणासही इजा होणार नाही या अटीवर परवानगी.' तो मी जपून घडी घालून खिशात ठेवला.

संघपालला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायला जरीपटक्याला गेलो. जरीपटक्यालाच देवराव राहतो, म्हणून मी दोन गल्ल्या लांबून, वळसा घालून गेलो. बाजारातल्या गर्दीत संघपालचं दुकान म्हणजे एक टेबल, चारी बाजूंना उघडलेले मिक्सर आणि मधे संघपाल. सत्तावन्न किलोचा तो पोरगा आता शहाण्णव किलोचा झाला होता. केस पांढरे, नाक मात्र तसंच वाकडं. मला पाहून तो उठला आणि माझ्या पाया पडला. मी संकोचलो.

"काकाजी, मी अन् रुपरावदादा? अजी, मी कायचा जिंकतो! त्याईनं मले गल्लीत दोन महिने शिकवलं होतं लहानपनी. त्याईचा डावा हात दिसतच नव्हता."

मी म्हणालो, "तू विजेता हायेस."

"हाव, पन तुमची घंटा बराबर टायमावर वाजली ना बाप्पा, नाही तर त्या दिवशी गेलो होतो मी. कानात नुसतं शिट्टीवानी वाजून राहिलं होतं. अजून कधी कधी वाजते." त्यानं चहा मागवला. "अन् देवरावकाका बी येतीन ना? त्याईचं सामान बांधून झालं. पोरगा नेऊन राहिला त्याईले पुन्याले. कायमचं. गनपती उठले की दुसऱ्या दिवशीची गाडी हाये. तुम्हाले तर माहीतच असन."

मला माहीत असेल असं त्याला वाटत होतं. मी हो म्हणालो. चहा आला तो मी पिऊ शकलो नाही. त्या माणसानं माझ्या घंटेचे आभार मानले होते आणि ते माझ्या अंगी लागत नव्हते.

देवरावला पत्रिका त्याच दिवशी टाकली. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. पोस्टातला माणूस आहे मी, माझा फोनपेक्षा टपालावर विश्वास. तिसऱ्या दिवशी पोचपावती आली. सही देवरावच्या बायकोची, कौसल्यावहिनींची. ती सही मी बराच वेळ पाहिली. सहीच्या पुढे दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. त्या जागेत लिहायची सोयही नसते, हे मला माहीत आहे, तरी पाहिली.

कार्यक्रमाची तयारी आता माझ्या हातात राहिली नव्हती. रिंगसाठी पार्किंगमध्ये चार खांबांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या, तर विश्वनाथरावांच्या स्कूटरची जागा आत आली. स्कूटर काढायला त्यांनी ठाम नकार दिला, नियमानं ती जागा त्यांची होती. त्यामुळे रिंगच्या एका कोपऱ्यात स्कूटर. मेघाताईंनी दोरांना झेंडूच्या माळा सोडल्या. कार्यक्रमपत्रिकेत आधी आरती, मग झुंबा, मग लहान मुलांचं वेशांतर, मग संगीत खुर्ची आणि सर्वात शेवटी, सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीच्या, बरोबरीनं, 'बॉक्सिंग (काका)'. मी विश्वनाथरावांना म्हणालो की वडी आणि लढत एकाच वेळी ठेवू नका. ते म्हणाले, "म्हनूनच तर ठेवली. लोकं थांबतीन."

रविवारी पाच वाजता मी पांढरा शर्ट घातला. इस्त्रीचा. रिंगमध्ये टेबल मांडलं, टेबलावर स्टॉपवॉच, घंटा, ठोकळा. घंटा तुळजाबाई असताना ती चिंचेनं घासायची, आदल्या दिवशी मी घासली. टेबलाशी दोन खुर्च्या. डावीकडची रिकामी.

संघपाल आला, त्यानं नारळ फोडला, त्याला एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तो 'येतोच' म्हणून गेला. झुंबा झाला. संगीत खुर्चीसाठी कुणीतरी माझी डावीकडची खुर्ची मागायला आलं. मी दिली नाही. साडेसहा वाजले. मी दर मिनिटाला फाटकाकडे पाहत होतो, आणि मिनिट किती लांब असतं हे मला जरा जास्तच बारकाईनं कळतं. शेवटी विश्वनाथराव माइकवर म्हणाले, "आता काका त्याईची बॉक्सिंग करतीन. समोरच्या पार्टीचे आले नाहीत, म्हनून त्याईच्या जागी आपला चंदन."

मला नाही म्हणायला हवं होतं. पण चंदन दोरीखालून आत आलाही होता आणि डावीकडच्या खुर्चीत बसलाही होता.

घंटा वाजवली. मी म्हणालो, "संघपाल डावा सरळ."

चंदन म्हणाला, "रुपराव हवेत उडी मारतो आणि छातीत लाथ घालतो."

टाळ्या पडल्या. मी माइकवर समजावून सांगितलं की बॉक्सिंगमध्ये लाथ नसते. चंदन म्हणाला, ठीक आहे, मग रुपराव गुडघा मारतो. मी ताकीद दिली. मग रुपरावनं संघपालला उचलून आपटलं. मी रुपरावला बाद केलं. चाळीस सेकंद. विजयी, संघपाल रामटेके. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा निकाल लागला होता, माझा माणूस जिंकला होता, आणि मला रुपरावची एवढी लाज कधी वाटली नव्हती. ज्या माणसानं जन्मात कुणाला पट्ट्याखाली हात लावला नाही त्याला मी लाथा मारायला लावल्या, त्याही झेंडूच्या माळांत. सात माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे वडीच्या रांगेत होते.

हळूहळू सगळे गेले. चंदन जाताना म्हणाला, "मस्त झाला काकाजी, पुढच्या वर्षी अजून मोठा करू." मेघाताईंनी मला कागदी प्लेटमध्ये दोन वड्या आणून दिल्या आणि एकटेच बसले का म्हणून विचारलं. मी आवरून येतो म्हणालो. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. मी तिथंच बसून राहिलो. वर जाऊन काय करायचं होतं?

"निकाल काय लागला?"

फाटकाशी देवराव उभा होता. हातात माझी पत्रिका, मधोमध घडी घातलेली. आठ महिन्यांत बारीक झाला होता.

"संघपाल," मी म्हणालो. "पहिल्याच फेरीत."

"रुपरावकडून कोन होतं?"

"चंदन म्हनून हाये. कॉम्प्युटरवाला."

"काय केलं त्यानं?"

"लाथ मारली."

"बाद केलं का नाही मंग?"

"केलं."

"बराबर केलं."

तो दोरी वर करून वाकून आत आला. त्याचे दोन्ही गुडघे वाजले. विश्वनाथरावांच्या स्कूटरकडे त्यानं पाहिलं, काही विचारलं नाही, आणि डावीकडच्या खुर्चीत बसला. एक सांबारवडी उचलली.

"परवा जाऊन राहिलो पुन्याले."

"माहीत हाये."

"फोन करता येत होता तुले."

"तुले बी."

देवरावनं वडी संपवली, हात रुमालाला पुसले आणि म्हणाला, "आठ वाजताची मेट्रो हाये. एक लढत होते. लाव घड्याळ."

पहिली फेरी माझी झाली. दुसरीही, थोडक्यात. देवरावचा आवाज जरा बसला होता, पण रुपरावचा डावा खांदा खाली होता आणि ठोसे जिथून यायला हवेत तिथूनच येत होते. 'लागला', 'नाही लागला', 'अर्धा लागला'. किती दिवसांनी मला कुणीतरी मारत होतं. मंडपवाला आमच्याकडे पाहत उरलेल्या खुर्च्या लांबूनच घेऊन गेला.

तिसऱ्या फेरीत रुपरावनं संघपालला दोरांवर नेलं. मी मान काढली, हात वर घेतले, निसटायला पाहिलं. जमलं नाही. घड्याळात दोन मिनिटं पन्नास झाली. माझा हात पुढे गेला. देवराव त्या हाताकडे पाहत होता. मी ठोकळा उचलला आणि टेबलावर ठोकला.

दहा सेकंद. मी वाट पाहू लागलो.

"मार ना," मी म्हणालो.

"रुपरावनं हात खाली घेतले."

"काहून?"

"म्हनते, समोर पोरगं हाये. नाकातून रक्त चाललं, डोळे वर गेले. याले काय मारू म्हनते."

तेव्हा मला राहवलं नाही. "हात चुकला नव्हता, देवराव," मी म्हणालो. "तवा. मीच वाजोली. मले पाहवलं नाही."

"माहीत हाये. हातभर दूर बसलो होतो मी. माह्याबी हातात घड्याळ होतं."

"मंग बोलला काहून नाहीस? एकोनतीस वर्षं?"

"तू सांगशीन म्हनून. दर रविवारी वाटे, आज सांगते." त्यानं पत्रिकेची घडी उलगडली, परत घातली. "जानेवारीत पोरानं पुन्याचं काढलं. मले वाटलं, आता दिवस नाहीत जास्त. म्हनून मीच काढलं तोंडातून. तर तू उठूनच गेला गा."

त्या फायनलमध्ये समोरच्या कोपऱ्यातला जो मुलगा होता, त्याचं नाव मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्याचं नाव अंकुश. दहा सेकंदांत ढाल त्याची झाली असती.

"अंकुशची ढाल गेली," मी म्हणालो.

"गेली," देवराव म्हणाला. प्रामाणिक मनुष्य. त्यानं मला त्यातून सोडवलं नाही, पण खुर्ची सोडून उठलाही नाही.

वर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. दोरांवरचे झेंडू आता मलूल दिसत होते. देवराव म्हणाला, "वाजव ना गा. मेट्रो जाईन माही. झाले अशीन तीन मिन्टं."

मी स्टॉपवॉचकडे पाहिलं. सहा मिनिटं वीस सेकंद झाली होती. आणि मी ते तळहाताखाली झाकलं.

"नाही," मी म्हणालो. "दहा सेकंद हायेत अजून."

देवरावनं स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, चांगलं नीट पाहिलं. मग शर्टाची बाही त्यावर खाली ओढली, खुर्ची टेबलाजवळ सरकवली आणि म्हणाला, "रुपराव डावा सरळ."